दुर्री हुकूम कधी होते? टाकाऊ वाटणारं कार्ड डेकमध्ये आणण्याची रीत

मेंढीकोट नव्याने शिकणाऱ्या पोराच्या इस्पिकच्या एक्क्यावर कुणी बदामची दुर्री टाकून हात उचलला, की पोरगं हटकून विचारतं, 'दुर्री मोठी कशी झाली?' दुर्री मोठी झालेलीच नसते. बदाम हुकूम असतो, एवढंच. पान तेच, त्यावरचे ठिपके तेच. बदललेलं असतं ते पानाभोवतीचं सगळं.

ट्रेडिंग कार्ड गेममध्ये (कार्डं गोळा करून स्वतःचा डेक बांधायच्या खेळांत) पाच-दहा वर्षं कुणी हातही न लावलेलं कार्ड अचानक स्पर्धेत जिंकायला लागतं, त्यामागेही हेच असतं. आम्ही आठ-दहा जण रविवारी कोपरखैरण्याला एका मित्राच्या हॉलमध्ये खेळायला जमतो. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जातो. रविवारी खिडकी मिळते, आणि दिघा ते घणसोली एवढ्या वेळात वहीत एखादी डेकलिस्ट, म्हणजे डेकमधल्या कार्डांची यादी, खरडून होते. नव्याने येणारे तिथे एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: हे असलं फालतू कार्ड तुम्ही शोधता कसं? नशिबाने सापडतं ही समजूत काढून टाका. त्याची रीत आहे, आणि ती शिकता येते. मॅजिक: द गॅदरिंगचे प्राथमिक नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरून ती इथे सांगतो. आम्ही मुख्यतः तेच खेळतो, म्हणून उदाहरणंही बहुतेक तिथलीच. नियम माहीत नसतील तर एवढं पुरे: लँड मॅना देतं, मॅना देऊन बाकीची कार्डं खेळायची, क्रीचरवरच्या १/१ मधला पहिला आकडा पॉवर, म्हणजे मारायची ताकद, दुसरा टफनेस, म्हणजे सोसायची, आणि समोरच्याचं लाइफ संपवलं की जिंकलात.

आधी फॉरमॅट ठरवा

'हे कार्ड चांगलं आहे का?' या प्रश्नाला अर्थ नाही. कुठे, कुणासमोर, कशाच्या सोबतीने, ते सांगा, मग बोलू. साठ कार्डांचा डेक, पंधरा कार्डांचं साइडबोर्ड (दोन डावांच्या मधे बदलायची राखीव कार्डं), बेसिक लँड सोडून एका कार्डाच्या जास्तीत जास्त चार प्रती, ही चौकट बऱ्याच फॉरमॅटमध्ये, म्हणजे खेळाच्या प्रकारांत, सारखीच असते. बदलतं ते कार्डांचं कोठार. स्टँडर्डमध्ये अलीकडचे सेट, मॉडर्नमध्ये २००३ च्या आठव्या आवृत्तीपासून पुढचे, आणि पॉपरमध्ये फक्त कॉमन, म्हणजे सगळ्यात सहज मिळणारी, म्हणून छापली गेलेली कार्डं.

शिकायचं असेल तर पॉपरपासून सुरुवात करा असं मी प्रत्येकाला सांगतो. मॉडर्नचा चांगला डेक उभा करायला सेकंडहँड स्कूटरएवढे पैसे जातात. पॉपरमध्ये चुकलात तर फार तर एका सिनेमाच्या तिकिटाचे जातील. शिवाय तिथे सगळीच कार्डं 'साधी' असतात. त्यामुळे मोठ्या नावाकडे बघून निवडायची सवय मोडते, आणि मजकूर वाचावा लागतो.

पहिली पायरी: कार्ड मधोमध चिरा

वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे 'देतं', उजवीकडे 'मागतं'. कार्डावरचा प्रत्येक शब्द या दोनपैकी एका रकान्यात गेलाच पाहिजे. मॅना मागतं, जागा मागतं, वेळ मागतं, कधी लाइफ मागतं.

टायरलेस ट्राइब घ्या. २००१ च्या ओडिसी सेटमधलं कॉमन. एक पांढरा मॅना, १/१. हातातलं एक कार्ड टाकून द्या, की त्या टर्नपुरतं तिला +०/+४ मिळतं. 'देतं' रकान्यात चार टफनेस, 'मागतं' रकान्यात एक अख्खं कार्ड. व्यवहार दिवाळखोरीचा. टफनेसने कुणी मरत नाही, आणि हातातलं कार्ड म्हणजे या खेळातला रोकडा पैसा. इतकी वर्षं लोकांनी ते बघून पुढे ढकललं यात त्यांची चूक नाही.

आता दुसरं एक कार्ड, २००८ च्या इव्हनटाइडमधलं इनसाइड आउट. एक मॅना, निळा किंवा लाल. एका क्रीचरची पॉवर आणि टफनेस अदलाबदल होते, आणि तुम्ही एक कार्ड ओढता. हेही एकट्याने काही कामाचं नाही.

दोन्ही शेजारी ठेवून बेरीज करा. तुम्ही पहिले खेळताय, हातात सात. पहिल्या टर्नला एक लँड, ट्राइब, उरली पाच. दुसऱ्या टर्नला एक ओढलं, सहा. लँड ठेवली, पाच. ट्राइबने हल्ला. समोर अडवायला कुणी नाही. इनसाइड आउट खेळलं, उरली चार. त्याने एक ओढून दिलं, पाच. पाचही टाकून द्या: १/१ ची १/२१ झाली, आणि अदलाबदल होऊन २१/१. समोरच्याचं लाइफ वीस. दुसऱ्याच टर्नला डाव संपला, तोही कॉमन कार्डांवर.

मी हे पहिल्यांदा प्रत्यक्ष केलं तो डाव सांगतो, कारण त्यात हरलो. समोर काळा डेक होता, त्याचे सगळे लँड टॅप झालेले, म्हणजे त्या टर्नपुरते वापरून झालेले. मी निर्धास्त. आधी पाच कार्डं टाकून दिली, ट्राइब दणदणीत १/२१ केली, आणि मग ऐटीत इनसाइड आउट ठेवलं. समोरच्याने एक मॅनासुद्धा न देता स्नफ आउट खेळलं. स्वॅम्प (काळा मॅना देणारं लँड) असेल तर ते मॅनाऐवजी चार लाइफ देऊन खेळता येतं, आणि काळा नसलेला क्रीचर मरतो. ट्राइब गेली. इनसाइड आउटला लक्ष्यच उरलं नाही, म्हणून कार्डही ओढायला मिळालं नाही. टेबलावर दोन लँड, हातात काही नाही. हॉलमध्ये चहा घेऊन आलेल्या मित्राच्या आईने विचारलं, "काय रे, झाला का तुझा?" झाला होता.

चूक क्रमाची होती. मॅजिकमध्ये पॉवर-टफनेसचे परिणाम ठरलेल्या थरांत मोजले जातात, आणि अदलाबदलीचा थर सगळ्यात शेवटी येतो. त्यामुळे इनसाइड आउट लागू झाल्यानंतर टाकून दिलेल्या कार्डाची +४ सुद्धा आधी टफनेसमध्ये जाते आणि मग उलटून पॉवर होते. म्हणून आधी इनसाइड आउट, ते पार पडू द्या, कार्ड ओढा, आणि मग एकेक टाकून देत जा. मधेच कुणी मारलं तरी हातातली बरीचशी शिल्लक राहतात. लाल डेकसमोर मात्र एवढ्याने भागत नाही. इनसाइड आउटला उत्तर म्हणून बोल्ट (तीन डॅमेज देणारं लाल कार्ड) आला, तुम्ही एक कार्ड टाकून देऊन १/५ केली आणि बोल्ट झेलला, तरी तीन डॅमेज अंगावर राहतं. पाठोपाठ अदलाबदल झाली की टफनेस होतो एक. मेलीच.

एवढं खोलात शिरलो, कारण असल्या कार्डांचं अर्धं मोल नियमांच्या कोपऱ्यात पडलेलं असतं. मजकूर वाचणारे खूप असतात. तो कुठल्या क्रमाने लागू होतो ते वाचणारे फार थोडे.

दुसरी पायरी: 'मागतं' रकान्याचं बिल दुसऱ्याच्या गळ्यात घाला

नवशिके 'देतं' रकान्याकडे बघून हरखतात. सवय झालेला माणूस उजवीकडे बघतो: ही किंमत चुकवणारा दुसरा कुणी आहे का?

डार्क डेप्थ्स हे २००६ च्या कोल्डस्नॅपमधलं लँड. त्यावर दहा बर्फाचे काउंटर, म्हणजे खुणेच्या सोंगट्या. प्रत्येक काढायला तीन मॅना, म्हणजे एकूण तीस. सगळे निघाले की उडणारा, नष्ट न होणारा २०/२० राक्षस येतो. तीस मॅना कोण देणार? २००९ च्या झेंडिकारमध्ये व्हॅम्पायर हेक्समेज आली. दोन मॅनाची, तिचा बळी दिला की एका वस्तूवरचे सगळे काउंटर जातात. तीसच्या जागी दोन. हेक्समेजचं उघड काम म्हणजे प्लेन्सवॉकर जातीच्या कार्डांवरचे काउंटर उडवणं. तिने बर्फ वितळवला तो जाता जाता.

दुसरा प्रकार असा, की किंमत तुम्ही भरताच आहात, फक्त वेगळ्या खात्यातून. डेथ्स शॅडो हे २०१० च्या वर्ल्डवेकमधलं एका काळ्या मॅनाचं १३/१३, पण तुमच्या लाइफएवढं खच्ची होणारं. वीस लाइफ असताना ठेवलं की जागीच मरतं. मॉडर्नमधले खेळाडू मात्र लाइफ अशीही उधळतातच. फेच लँड (एक लाइफ घेऊन डेकमधलं दुसरं लँड आणणारं) फोडून शॉक लँड (दोन लाइफ दिलं की लगेच वापरता येणारं) उभी आणली की तीन गेले, उरले सतरा. थॉटसीझ या कार्डाचे दोन, पंधरा. स्ट्रीट रेथ टाकून देऊन नवं कार्ड ओढायला दोन, तेरा. पुन्हा एक फेच-शॉक, दहा. आता एका मॅनात ३/३. आणखी एक स्ट्रीट रेथ, ५/५. इतर डेकमध्ये निव्वळ खर्च म्हणून लिहिला जाणारा पैसा इथे भांडवल झाला. या कार्डासाठी अगदी शून्यातून डेक बांधावा लागला नाही. चांगल्या मॅनाबेसचा, म्हणजे भारी लँडचा, डेक आधीच त्या वाटेवर होता. मला विचाराल तर सगळ्यात टिकाऊ 'टाकाऊ' कार्डं याच जातीची. हेक्समेज हातात आली नाही तर डार्क डेप्थ्स नुसतं बर्फाचं लँड. शॅडोला एका ठरावीक जोडीदाराची गरज नाही.

तिसऱ्या प्रकारात किंमतच अट होऊन बसते. लायन्स आय डायमंड, १९९६ च्या मिराजमधलं. फुकट ठेवा, फोडा, तीन मॅना मिळवा. पण हातातली सगळी कार्डं टाकून द्या. सुरुवातीला याची टिंगल झाली. मॅना मिळाला, पण खर्च कशावर करणार, हात तर रिकामा! मग २००६ च्या डिसेन्शनमध्ये इन्फर्नल ट्यूटर आलं. हात रिकामा असेल तर डेकमधलं कुठलंही कार्ड शोधून आणा, असं ते म्हणतं. ट्यूटर खेळा, ते लागू व्हायच्या आत डायमंड फोडा. हात रिकामा करणं हा दंड उरला नाही, दार उघडायची किल्ली झाला.

शोधायचं कसं, तर स्क्रायफॉलसारख्या मोफत शोधयंत्रावर कार्डाच्या मजकुरातले शब्द टाकता येतात, फॉरमॅट आणि किंमत निवडता येते. कार्डावर छापलेलेच शब्द टाका, आपले नाहीत. 'सगळे काउंटर काढा', 'अदलाबदल करा', 'हातात एकही कार्ड नसेल तर' अशा अर्थाचे तुकडे छापील भाषेत शोधले की कधी वीस, कधी शंभर कार्डं समोर येतात. त्यातली नव्वद टक्के खरंच टाकाऊ असतात. ती वाचून काढायचा कंटाळा असेल तर हा उद्योग आपला नाही.

तिसरी पायरी: हुकूम कुणी बदलला ते बघा

नवा सेट आला की लोक नवी कार्डं बघतात. तुम्ही जुनी बघा. आय ऑफ यूगिन हे वर्ल्डवेकमधलंच लँड, रंगहीन एल्ड्राझींना (राक्षसी क्रीचरची एक जात) दोन मॅना स्वस्त करणारं. तेव्हाचे एल्ड्राझी आठ ते पंधरा मॅनाचे धिप्पाड, त्यामुळे दोनची सूट म्हणजे सोन्याच्या दुकानात वीस रुपये कमी केल्यासारखी. २०१६ च्या सुरुवातीला ओथ ऑफ द गेटवॉचमध्ये छोटे एल्ड्राझी आले. त्यातला मिमिक दोन मॅनाचा. दोनमधून दोन गेले, शून्य! फेब्रुवारीतल्या प्रो टूरच्या (मॅजिकच्या बड्या स्पर्धेच्या) शेवटच्या आठांत सहा डेक एल्ड्राझींचे होते, आणि एप्रिलमध्ये लँडवर बंदी आली. सहा वर्षांत लँडवरचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

नियम बदलला की त्याचीही नोंद ठेवा. ही पायरी लोक सर्रास गाळतात, कारण नियमांचे बदल वाचायला कंटाळवाणे असतात. २०१३ च्या जुलैपर्यंत एकाच नावाची दोन लेजेंडरी (एकमेव मानली जाणारी) कार्डं टेबलावर आली की दोन्ही जात. नव्या नियमाने दोन्ही एकाच खेळाडूकडे असतील तर त्याने एक ठेवायचं, दुसरं जातं. त्याच वर्षीच्या गेटक्रॅशमधलं थेस्पियन्स स्टेज हे दुसऱ्या लँडची नक्कल करणारं लँड. त्याने डार्क डेप्थ्सची (तेही लेजेंडरी) नक्कल केली, की नकलेवर बर्फ नसतो, कारण काउंटर नकलेत येत नाहीत. मूळ सोडून द्या, नक्कल ठेवा. बर्फ शून्य, राक्षस हजर. जुन्या नियमात दोन्ही लँड गेली असती आणि लोक हसले असते.

अशीच गंमत बॅलस्ट्रेड स्पायची. तो आला की डेकमधली कार्डं लँड लागेपर्यंत उलटून थडग्यात, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात, जातात. डेकमध्ये एकही लँड नसेल तर अख्खा डेक थडग्यात, आणि तिथून जिंकायच्या वाटा आहेत. पण लँडशिवाय स्पायसाठी चार मॅना आणायचे कुठून? २०२० च्या झेंडिकार रायझिंगमध्ये दोन तोंडांची कार्डं आली: पुढून स्पेल (मॅना देऊन खेळायचं कार्ड), मागून लँड. डेकमध्ये असताना त्यांचं फक्त पुढचं तोंड मोजलं जातं. म्हणजे खेळताना लँड, स्पायच्या नजरेत लँड नाही. कायदा पाळून पळवाट काढावी ती अशी.

आणि मग समोरचे लोक. यात मला सगळ्यात जास्त रस आहे, कारण इथे कार्ड नाही, माणसं वाचायची असतात. वन विथ नथिंग नावाचं २००५ चं एक कार्ड आहे. एक काळा मॅना द्या, तुमच्या हातातली सगळी कार्डं टाका. बस. मोबदला काही नाही. माझ्या पाहण्यात याहून निर्बुद्ध मजकूर नाही. पण त्याच सुमारास स्टँडर्डमध्ये आउलिंग माइन नावाचा डेक आला. हाउलिंग माइनने समोरच्याला कार्डांवर कार्डं द्यायची, आणि एबनी आउल नेत्सुकेने त्याच्या हातात सात किंवा जास्त असतील तर त्याच्या दर टर्नला त्याला चार डॅमेज. २००६ च्या होनोलुलू प्रो टूरमध्ये हा डेक शेवटच्या आठांत पोचला. अशा शत्रूसमोर भरलेला हात हाच गळफास, आणि तो कापायला काहींनी साइडबोर्डमधून वन विथ नथिंग काढलं.

पोकेमॉनमध्ये २०२४ ची जागतिक स्पर्धाही होनोलुलूतच झाली. ती चिलीच्या फर्नांडो सिफुएंतेसने आयर्न थॉर्न्स ईएक्सच्या डेकवर जिंकली. आयर्न थॉर्न्स पुढे उभा असला की रूल बॉक्स (खास नियमाची चौकट) छापलेल्या पोकेमॉनच्या अॅबिलिटी, म्हणजे खास शक्ती, दोन्ही बाजूंना बंद, 'फ्यूचर' गटातले तेवढे सोडून. त्या हंगामातले बरेच डेक नेमक्या त्याच अॅबिलिटींवर उभे होते. सगळ्यांची लिफ्ट बंद केली की जिना चढायची सवय असलेला पुढे जातो.

म्हणून तुमच्या गटात काय खेळलं जातं ते लिहून ठेवा. मोठ्या स्पर्धांचे निकाल वाचा, पण कोपरखैरण्याच्या हॉलमध्ये चार जण लाल डेक घेऊन येतात हे त्या निकालांत सापडणार नाही. मी वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून फक्त डेकची नावं लिहितो. तीन-चार रविवारांत चित्र दिसतं.

चौथी पायरी: मोजा, आणि मग पुन्हा मोजा

जोडी सुचली की अंगात येतं. इथेच थांबून गणित करायचं.

साठच्या डेकमध्ये एका कार्डाच्या चार प्रती असतील, तर सुरुवातीच्या सातांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. दोन वेगवेगळी कार्डं, प्रत्येकी चार प्रती, आणि सातांत दोन्ही हवीत? १४.५ टक्के. सात डावांत एकदा. दुसरं खेळून चौथ्या टर्नला अकरा कार्डं बघितली, तरी दोन्ही असण्याची शक्यता ३१ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या डावांत तुमच्या हातात निम्मा विनोद असतो.

आता प्रत्येक बाजूला चारऐवजी आठ कार्डं करा, म्हणजे तेच काम करणारं दुसरं कार्ड शोधा. सुरुवातीच्या सातांत दोन्ही बाजू सापडण्याची शक्यता १४.५ वरून थेट ४०.६ टक्के होते. आठ ही संख्या मी दारावर लिहून ठेवली असती, पण घरच्यांनी लिहू दिली नसती.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण कोलॉसस हॅमर. जुलै २०१९ च्या कोअर सेटमधला अनकॉमन. एका मॅनात ठेवता येतो, ज्याला लावाल त्याला +१०/+१०, पण उडता येत नाही. आणि लावायची किंमत आठ मॅना. 'मागतं' रकान्यात आठ. २०१६ चं सिगार्डाज एड हे बिल माफ करतं: इक्विपमेंट (हॅमरसारखं क्रीचरला लावायचं हत्यार) टेबलावर आलं की फुकट चिकटतं. २०११ ची प्युअरस्टील पॅलडिन तीन आर्टिफॅक्ट (हत्यारं, यंत्रं अशा वस्तूंची कार्डं) असले की लावणं फुकट करते. माफी देणारे झाले आठ. हॅमर शोधून आणणारी स्टोनफोर्ज मिस्टिक मॉडर्नमध्ये बंदीत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये तिची सुटका झाली. ती धरून हॅमरची बाजूही आठ. जून २०२१ मध्ये अर्झाज सागा आलं, जे लँड असूनही शून्य किंवा एक मॅनाचा आर्टिफॅक्ट डेकमधून थेट टेबलावर आणतं. तोपर्यंत हॅमर टाइम हा मॉडर्नमधला मोठा डेक झालेला होता. एका दिवसात काहीच घडलं नाही. सुटे भाग वर्षानुवर्षं येत गेले, आणि एक दिवस गाडी चालू झाली.

आमच्यात घणसोलीहून बारावीतली एक मुलगी येते. तिने हा डेक कागदाच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून बांधला होता. पहिल्या टर्नला लँड, फुकटचा ०/२ ऑर्निथॉप्टर, एड. मी माझा टर्न निवांत खेळलो, काहीतरी शहाणपणाचं केल्याच्या समाधानात. दुसऱ्या टर्नला तिने एक चिठ्ठी ठेवली, मग दुसरी, आणि म्हणाली, "दादा, दोन हातोडे."

"म्हणजे?"

"वीस झाले. संपलं."

ऑर्निथॉप्टर २०/२२. माझ्यासमोर अडवायला कुणी नव्हतं. मी तिला विचारलं, एकच हातोडा आला असता तर? तिने वही काढून दाखवलं: एक हातोडा इंकमॉथ नेक्ससला (क्रीचर होऊ शकणारं १/१ लँड) लावला तर त्याच्या इन्फेक्ट या गुणामुळे डॅमेजऐवजी अकरा विषाचे काउंटर, आणि डाव संपायला दहाच पुरतात. दुसरी वाट तिने आधीच मोजून ठेवली होती. त्या दिवसापासून माझ्या वहीत तिसरा रकाना आला: 'नाही आलं तर?'

पाचवी पायरी: एकटं पडलं तर काय करतं

जोडीतलं प्रत्येक कार्ड एकटं हातात असताना काय करतं ते प्रामाणिकपणे लिहा. स्टोनफोर्ज एकटी असली तरी १/२ अंगाने उभी राहते आणि कार्ड आणते. एड एकटं असेल तर शोभेची वस्तू. एकट्याने निरुपयोगी अशी आठांहून जास्त कार्डं डेकमध्ये झाली की मी चिडचिडा होतो.

याला अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. लँटर्न ऑफ इनसाइट, २००४ चं. त्याने दोघांच्याही डेकचं वरचं कार्ड सगळ्यांना दिसतं. सोबत एका मॅनाची फुटकळ यंत्रं, जी वरचं एक कार्ड थडग्यात टाकतात, आणि हल्ले रोखायला एन्स्नेअरिंग ब्रिज. यातलं एकही कार्ड समोरच्याच्या लाइफला हात लावत नाही. पण तीन-चार यंत्रं जमली की समोरचा पुढे काय ओढणार ते तुम्ही ठरवता. २०१८ मध्ये बिल्बाओच्या प्रो टूरमध्ये लुईस साल्वात्तोने या डेकवर अजिंक्यपद मिळवलं. एक काडी मोडते, मोळी मोडत नाही. पण मोळी बांधायची तर डेक जवळजवळ काड्यांचाच लागतो. अर्धी मोळी, अर्धा दुसरा डेक असं करणारे आमच्याकडे दोघे होऊन गेले. दोघंही आता बुद्धिबळ खेळतात.

सहावी पायरी: चिठ्ठ्यांवर खेळा

कार्डं विकत घेऊ नका. चिठ्ठ्या लिहा, जुन्या कार्डांपुढे स्लीव्हमध्ये सरकवा. अधिकृत स्पर्धेत हे चालत नाही, घरच्या टेबलावर चालतं. फक्त समोरच्याला आधी सांगा.

पहिले वीस हात एकट्यानेच वाटा, समोर कुणी नाही असं धरून. कितव्या टर्नला जुळलं, किती वेळा हात परत करावा लागला, तेवढंच लिहा. इथेच निम्म्या कल्पना मरतात, आणि ते बरंच असतं.

मग माणसांसमोर. दहापैकी सात जिंकलो, डेक जबरदस्त, असं म्हणत आलात तर मी विचारीन, नाणं किती वेळा उडवलंत? निव्वळ नाणेफेकीतही दहापैकी सात किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता १७ टक्के असते. वीसपैकी चौदा झाले तर ती सहा टक्क्यांच्या आत येते. म्हणून वीस डाव खेळा, आणि शक्यतो गटातल्या तीन वेगवेगळ्या डेकसमोर. प्रत्येक डावानंतर एकच ओळ लिहायची: हे कार्ड हातात आलं तेव्हा बरं वाटलं की तोंड वाकडं झालं? तोंड वाकडं करणारं कार्ड जिंकलेल्या डावातही ओळखू येतं.

साइडबोर्ड लावूनही खेळा. पहिल्या डावात समोरचा गाफील असतो. दुसऱ्यात त्याला तुमची युक्ती कळलेली असते, आणि तो तोडगा घेऊन बसतो. ट्राइबचा डेक माझ्याकडे पहिल्या डावांत सणसणीत आणि दुसऱ्या डावांत केविलवाणा होता. यावर मी केलं ते एवढंच: दुसऱ्या डावात दोन इनसाइड आउट बाहेर काढून, समोरच्याच्या उत्तराला रोखणारी निळी कार्डं आत घेतली, आणि दुसऱ्या टर्नला मारायचा हट्ट सोडला. पाचव्या-सहाव्या टर्नला मारलं तरी माणूस तेवढाच हरतो.

सातवी पायरी: केव्हा घ्यायचं, केव्हा काढायचं

वीस डावांनंतरही कार्ड हवंसं वाटलं, तर घ्या. त्याआधी नाही. एकदा मी नुसत्या चर्चेवर भाळून एका कार्डाच्या चार प्रती परदेशातून मागवल्या. पार्सल दीड महिना कुठेतरी फिरत होतं. ते आलं तेव्हा गटातल्या प्रत्येकाकडे त्याचा तोडगा साइडबोर्डमध्ये तयार होता. त्या चार प्रती आजही फोल्डरमध्ये आहेत, त्यांचं नाव सांगणार नाही.

अनपेक्षित कार्डाच्या ताकदीचा एक हिस्सा निव्वळ अनपेक्षितपणाचा असतो, आणि तो सगळ्यात आधी संपतो. वन विथ नथिंगचं काम आउलिंग माइनपुरतंच होतं. तो डेक समोर नसेल तर साइडबोर्डमधली ती जागा फुकट. उलट डेथ्स शॅडो कळल्यानंतरही वर्षानुवर्षं खेळलं गेलं, कारण त्याला गाफील शत्रू लागत नव्हता, रिकामी होत जाणारी लाइफ लागत होती. तुमचं कार्ड कुठल्या जातीचं आहे ते तिसऱ्या पायरीच्या टिपणात सापडतं: समोरच्या माणसांमुळे चाललं असेल तर दर महिन्याला जागा तपासा, नियमामुळे किंवा जोडीदारामुळे चाललं असेल तर बंदीची यादी आणि नियमांतले बदल आले की तपासा.

शेवटच्या लिस्टमध्ये कार्डं मोजा. साठ. मग साइडबोर्ड, पंधरा. एकदा खेळून झाल्यावर साइडबोर्डमधलं कार्ड डेकमध्येच राहतं, आणि पुढच्या स्पर्धेत पहिलाच डाव त्यापायी जातो. ठाणे स्टेशनवर दहा नंबरच्या फलाटावर गाडीची वाट बघताना मी हे मोजतो. परवा एकसष्ट भरली. जादा निघालेलं कार्ड होतं टायरलेस ट्राइब, पाचवी प्रत. कधी, कुणाकडून आली देव जाणे.